फ्रान्समधल्या नीस शहरात अर्धा दिवस असेल, तर चित्रकार मातिसचं संग्रहालय बघावं का?

नक्की बघा. तुम्ही लिहिलंय की मातिसची गाजलेली रंगभारवादी चित्रं (वस्तूच्या खऱ्या रंगाऐवजी मनाला वाटेल तो भडक रंग देणारी) तिथं नाहीत, मग कशाला जायचं? नाहीत हे खरं. १९०५ साली पॅरिसमधल्या ज्या प्रदर्शनात गदारोळ झाला आणि मातिस व त्याच्या सोबतच्या चित्रकारांना 'फॉव्ह', म्हणजे जंगली श्वापदं, हे नाव पडलं, त्यातलं टोपीवाल्या बाईचं चित्र सॅन फ्रान्सिस्कोत आहे. नीसला त्याच वर्षी काढलेलं त्याच्या बायकोचं एक लहानसं व्यक्तिचित्र आहे. पण रंगभारवाद हा मातिसच्या आयुष्यातला जेमतेम तीन-चार वर्षांचा काळ. त्याच्या आधी आणि नंतर काय झालं, ते नीसला कळतं.

मी सगळ्यात जास्त वेळ उभी राहिले ती त्याच्या १८९० मधल्या, पुस्तकांच्या चित्रापुढे. काळपट, तपकिरी, अगदी शाळकरी वळणाचं. वकिलाकडे कारकुनी करणारा वीस वर्षांचा मुलगा आजारपणात अंथरुणाला खिळला, आईनं रंगांची पेटी आणून दिली, आणि त्यातून सुरू झालेलं हे पहिलंवहिलं काम. सही नीट बघा, नाव उलटं लिहिलंय. मला तर तिथंच भरून आलं.

नंतर 'निळी नग्निका ४'. १९५२ चं, रंगवलेले कागद कात्रीनं कापून चिकटवलेलं. १९४१ च्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर फार वेळ उभं राहणं त्याला जमत नव्हतं, म्हणून हाती कात्री आली. पुस्तकातल्या छपाईत हे चित्र एकसंध वाटतं. जवळ गेलात की कोळशाच्या रेघा आणि तुकड्यावर चिकटवलेले तुकडे दिसतात. पुन्हा पुन्हा करून बघितल्याच्या त्या खुणा त्यानं पुसल्या नाहीत.

आणि ती शिंपल्यासारखी चंदेरी खुर्ची चुकवू नका. १९४६ मध्ये त्यानं तिचं चित्र काढलं, आणि चित्रात ती चक्क पिवळी झाली, मागे लाल रंग! मी गेले तेव्हा खरी खुर्चीही तिथंच मांडलेली होती. रंगभारवाद समजावून सांगायला मला याहून सोपं काही सापडलेलं नाही. चाळीस वर्षं उलटली तरी त्याची नजर तशीच होती.

खाली 'फुलं आणि फळं' हे जवळजवळ नऊ मीटर रुंदीचं कागदकाम आहे, ते लांबून बघा. बाहेर पडल्यावर ऑलिव्हच्या बागेतून जवळच्या मठाच्या दफनभूमीपर्यंत चालत जा. मातिसची समाधी तिथंच आहे.