सभासद बॉट सोडून परत फोनच करतात, काय करावं?

प्रश्न: नमस्कार ताई, मी करवीर तालुक्यातल्या एका गावच्या दूध संस्थेत कामाला आहे. दिवसभर फोन येतात, फॅट किती लागली आणि बिल कधी पडणार, बास एवढंच. म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर चॅटबॉट, म्हणजे मेसेजला आपोआप उत्तर देणारा प्रोग्रॅम, करून घेतला. कॉलेजची पोरं वापरतात, पण धारा काढणारी खरी मंडळी, म्हणजे बायका आणि म्हातारी माणसं, एकदा मेसेज टाकतात आणि मग परत संस्थेत फोन. बॉट उघडला की 'नमस्कार, मी आपला डिजिटल सहाय्यक, मी आपली काय मदत करू शकतो?' असं येतं आणि खाली आठ पर्याय. कुठं चुकतंय?

उत्तर: दादा, पहिल्याच मेसेजात चुकतंय. जिनं आयुष्यात कधी बॉट बघितला नाही तिला 'काय मदत करू' विचारलं तर ती काय सांगणार, हे मशीन काय काय करतं हेच तिला माहीत नाही. आणि 'डिजिटल सहाय्यक' असं गावात कोण बोलतं हो! सभासदाचा मोबाईल नंबर तुमच्याकडं त्याच्या खात्याच्या कोडला जोडलेला आहे ना, मग विचारत कशाला बसायचं? तिनं नुसतं 'हाय' टाकलं, नाहीतर अंगठा पाठवला, तरी सरळ सांगून टाका: 'आज सकाळी म्हैस दूध ४.५ लिटर, फॅट ६.८, एसएनएफ ९.१.' (एसएनएफ म्हणजे दुधातला फॅट सोडून बाकीचा घन भाग.) खाली तीन बटणं: बिल, मागचे दहा दिवस, माणसाशी बोला. व्हॉट्सअ‍ॅप तसंही एका मेसेजखाली अशी तीनच बटणं देतं, दहापर्यंत पर्यायांची यादी देता येते पण ती आधी दाबून उघडावी लागते आणि नवीन माणसाला तिथं दाबायचं असतं हेच सुचत नाही. तुमचे आठ पर्याय तिथंच अडकलेत.

एक भानगड मात्र आहे. खातं सासूच्या नावावर, फोन पोराचा, आणि त्याच नंबरावर भावाचंही खातं, असं घराघरात असतं. तेव्हा एका नंबरावर दोन कोड असतील तर आधी 'कुणाचं दूध बघायचं?' एवढं विचारा आणि बटणावर कोडसोबत नाव टाका, कोड नंबर पाठ कुणाला नसतो. बिलाची रक्कम पहिल्याच मेसेजात नको, फोन घरभर फिरतो आणि प्रत्येक बाईला आपलं बिल सगळ्यांनी बघावं असं वाटत नाही.

आता आवाजाचं. ज्यांना टायपिंग जमत नाही ते व्हॉइस मेसेज टाकणार, आणि तुमचा बॉट त्यावर गप्प बसत असेल तर ती बाई समजते फोन बिघडला नाहीतर आपल्यालाच येत नाही, मग परत वाटेला जात नाही. आवाज कळत नसेल तर निदान 'मला बोललेलं कळत नाही, खालचं बटण दाबा' एवढं तरी यायला पाहिजे, आणि तेही रेकॉर्ड केलेल्या आवाजात, वाचता येत नाही म्हणून तर ती बोलली ना. आवाज ओळखणारा बॉट घेणार असाल तर घेण्याआधी गोठ्यातून मेसेज पाठवून बघा, मागं म्हैस ओरडतेय, बादली वाजतेय, आणि बाई म्हणतेय 'काल पावणेसात लागलीती, आज साडेसहाच कशी?' यातलं पावणेसात म्हणजे ६.७५ हे ज्याला कळत नाही तो तुमच्या कामाचा नाही. इंग्रजी अक्षरात मराठी लिहिणारेही असतात, एकाच 'फॅट'चं स्पेलिंग दहा जण दहा तऱ्हेनं करतील, तेही चालवून बघा.

नवीन एआय बॉट घ्या असं कुणी सुचवलं तर बोलणं समजायला खुशाल घ्या, पण फॅटचा आणि पैशाचा आकडा संकलनाच्या सॉफ्टवेअरमधूनच उचलून दाखवायचा, बॉटला स्वतःच्या मनानं आकडा लिहू द्यायचा नाही. एकदा का बॉटवर एक आणि स्लिपवर दुसरा आकडा आला की संस्थेत भांडण उभं राहिलंच.

अजून एक, सभासदाच्या शेवटच्या मेसेजनंतर २४ तास उलटले की व्हॉट्सअ‍ॅपवर तुम्हाला मनाला येईल ते पाठवता येत नाही, त्यांच्याकडून आधी मंजूर करून घेतलेला मेसेजचा साचाच जातो. म्हणजे बिल जमा झाल्याचा मेसेज बहुतेक वेळा साच्यातला असणार, आणि बऱ्याच जणांना बॉटचं पहिलं दर्शन त्यातच होणार. तो तरी नीट लिहा, 'आपल्या खात्यावर रक्कम वर्ग करण्यात आली आहे' कशाला, 'दहा दिवसाचं बिल बँकेत जमा झालं' म्हणा की.

प्रश्न: आमच्या बॉटला बाईचं नाव आणि हसरा फोटो द्यावा म्हणतोय, चालेल का?

उत्तर: नाव द्या, पण 'मी मशीन आहे' हे पहिल्याच ओळीत येऊ दे. १९६६ साली अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठात जोसेफ वायझेनबॉम यांनी एलायझा नावाचा साधा प्रोग्रॅम केला, तो समोरच्याचंच वाक्य फिरवून प्रश्न विचारायचा, तरी लोक त्याच्याशी मन मोकळं करायला लागले आणि करणाऱ्यालाच धक्का बसला. तुमच्या फोटोतल्या बाईला उद्या रात्री अकराला कुणीतरी लिहील की म्हैस खाली बसलीय, उठेना झालीय, आणि उत्तराची वाट बघत बसेल. तिथं 'कृपया योग्य पर्याय निवडा' आलं तर काय उपयोग? 'उठेना', 'वैरण खाईना', 'आजारी' असले शब्द दिसले की मेनू बाजूला ठेवून संस्थेच्या डॉक्टरांचा नंबर आणि फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा टोल फ्री १९६२ लगेच द्यायचा, आणि 'हे मी मशीन सांगतोय, फोन तुम्हीच लावा' हेही लिहायचं.