देवळालीचा ताप

प्रिय मित्रा,

तुझा अनुवाद वाचला. ओघ छान आहे. पण त्या म्हाताऱ्या ब्रिटिश शिपायाच्या तोंडचं 'डूलॅली टॅप' तू 'वेडाचा झटका' करून मोकळा झालास, तिथे मी अडलो. अर्थ चुकला असं नाही. पण शब्द आपल्या घरचा आहे रे! डूलॅली म्हणजे नाशिकजवळची देवळाली. गोऱ्यांच्या जिभेला 'ळ' कुठला झेपायला! आणि 'टॅप' म्हणजे ताप. तुझ्या वयाचा असताना मी त्याची 'डोक्यात टपली' केली होती, तेव्हा लाजू नकोस.

इथली नोकरी संपलेले गोरे शिपाई मायदेशी जाण्याआधी देवळालीच्या छावणीत येऊन थांबत. गोम अशी, की सैन्याची जहाजं साधारण ऑक्टोबर ते मार्च एवढीच चालायची. एप्रिलात मुदत भरली, तर पुढचं जहाज पार पावसाळा सरल्यावर. तोवर काम नाही, धाम नाही. उन्हाळा, दारू, हिवताप, आणि समोरून रोज मुंबईकडे जाणारी आगगाडी. तिथे वेड्यांचं इस्पितळ होतं, त्यावरून शब्द आला, असं कोणी रंगवून सांगेल. मला ते पटत नाही. हिंदुस्थानात नोकरी केलेला शिपाई फ्रँक रिचर्ड्स १९३६ सालच्या आपल्या आठवणींत बोट ठेवतो ते छावणीतल्या कंटाळ्यावरच. म्हणजे हा वेडाचा नव्हे, ताटकळण्याचा शब्द.

पुढे ताप गळून पडला, नुसतं डूलॅली उरलं. आज विलायतेत आजीने चष्मा फ्रिजमध्ये ठेवला तरी ती डूलॅली, प्रिंटर कोरे कागद ओकायला लागला तरी तोही डूलॅली, आणि नव्या फोनसाठी पोरं हरखली तरी तेच. अशा ठिकाणी तू खुशाल 'भंजाळलाय' लिही, 'सटकलीय' लिही.

तुझ्या शिपायाला मात्र 'देवळालीचा ताप'च चढू दे. तळटीप नको. आधीच्या परिच्छेदात जहाजाची वाट पाहणं येतंच. तिथे एक वाक्य वाढव, वाचकाला आपोआप कळेल.

आणि मुंबईहून नाशिकला जाशील तेव्हा एक स्टेशन आधी, देवळालीला उतर. पाटीवरचं इंग्रजी नाव त्या शिपायाच्या थाटात मोठ्यांदा वाचून बघ. लोक वळून बघतील, बघू देत.

पुढची दोन प्रकरणं पाठव.

तुझा,
काका