सैन्यातून निवृत्त झालेल्या वडलांबद्दल नातवंडांसाठी चार पानं लिहायची आहेत, पण ते कधी काही बोललेच नाहीत. सुरुवात कुठून करू?

तुम्ही लिहिलंय की वडील शिपाई म्हणून भरती झाले, हवालदार होऊन पेन्शनवर आले आणि यंदा गेले. वर्षश्राद्धाच्या आत लिहून व्हावं अशी इच्छा आहे, पण ‘लढाईचं एकही वाक्य हाताशी नाही’. मी याच वाटेने गेलोय. आमचे आण्णा मराठा लाइट इन्फंट्रीत १७ वर्षं होते, १९६५ ते १९८२. गावात त्यांना सगळे ‘मेजर’ म्हणायचे. आपल्याकडे पलटणीतून आलेला नाईकही मेजर आणि सुभेदारही मेजरच, त्यामुळे हुद्द्यासाठी गावावर विसंबू नका.

सगळ्यात आधी पत्र्याची ट्रंक उघडा. तिच्यात डिस्चार्ज बुक, म्हणजे निवृत्त होताना मिळालेलं नोकरीच्या नोंदींचं पुस्तक असेल. आम्ही ते पेन्शनचं कागदपत्र म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवलं होतं, वाचलं कोणीच नव्हतं. त्यात भरतीच्या दिवशीची उंची आणि शरीरावरची ओळखखूण लिहिलेली असते. आण्णांच्या डाव्या भुवईवरचा व्रण लढाईतला, असं आम्ही शाळेत सांगत आलो होतो. तो भरतीच्या नोंदीतच निघाला. म्हणजे गावातलाच, झाडावरून पडल्याचा किंवा बैलाने मारल्याचा.

मग मेडल. काठावर बारीक अक्षरांत नंबर, हुद्दा, नाव कोरलेलं असतं. भिंग घ्या आणि मेडल आधी चिंच लावून घासू नका, अक्षरं झिजतात. १९७१ च्या युद्धाचं संग्राम मेडल त्या वेळी नोकरीत असलेल्या पुष्कळांकडे असतं, त्यावरून माणूस कुठे होता ते कळत नाही. ते कळतं ‘स्टार’ नावाच्या वेगळ्या पदकावरून: पूर्व आघाडीवर असलेल्यांना पूर्वी स्टार, पश्चिम आघाडीवर असलेल्यांना पश्चिमी स्टार. आमच्या घरी पक्की समजूत होती की आण्णा बांगलादेशात लढले. चुलते तर त्यांना थेट जमालपूरला नेऊन ठेवायचे. जमालपूर म्हणजे मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या बटालियनने, जंगी पलटणीने, डिसेंबर १९७१ मध्ये गाजवलेलं ठिकाण. शरण या म्हणून पाठवलेल्या पत्राला तिथल्या पाकिस्तानी कमांडरने उत्तराच्या कागदात बंदुकीची गोळी गुंडाळून धाडली होती. ही गोष्ट चुलते इतकी रंगवून सांगायचे की गोळी आण्णांनीच झेलली असं वाटावं. ट्रंकेत निघाला पश्चिमी स्टार. आण्णांची पलटण वेगळी, आघाडीही वेगळी. चुलते सांगत असताना ते समोर बसून पान जुळवत असायचे आणि एकदाही ‘तसं नव्हतं’ म्हणाले नाहीत. मला राग आला आधी. आता वाटतं, भावाची गोष्ट मोडायची नसावी त्यांना.

रेजिमेंटचा इतिहास पानभर उतरवायचा मोह टाळा. १७६८ पासूनची परंपरा, बेळगावचं सेंटर, दरवर्षी ४ फेब्रुवारीला सिंहगडाच्या आठवणीने होणारा रेजिमेंटचा दिवस, हे दोन ओळींत येऊ द्या. नातवंडांना ते कुठेही वाचता येईल.

एक हिशेब मात्र जरूर करा. वर्षाची मोठी रजा दोन महिन्यांची, शिवाय किरकोळ रजा. सरासरी तीन महिने धरले तर १७ वर्षांत १,५३० दिवस, म्हणजे जेमतेम चार वर्षं. त्यातून येण्याजाण्याचा रेल्वेप्रवास वजा. बाकी तेरा वर्षं आण्णा आमच्यासाठी ‘५६ एपीओ’ असा लष्करी टपालाचा पत्ता होते. मी हा आकडा काढला त्या दिवशी लिखाणाची दिशाच बदलली. मी लढाई शोधत बसलो होतो, आणि माझे वडील मला सापडणार होते रजेत. मग रजेनुसार लिहायला घेतलं: अमक्या रजेत विहिरीचा कठडा बांधला, अमक्या रजेत धाकटीचं बारसं आठ महिने उशिरा केलं, अमकी रजा भावकीच्या भांडणात गेली. आईला तारखा आठवत नाहीत, पण कुठल्या रजेत काय झालं ते सगळं आठवतं.

कुटुंबाचा हिशेब पलटणीतही असतो, हे मला फार उशिरा कळलं. जवानाचं लग्न, मुलाचा जन्म, सगळं ‘पार्ट टू ऑर्डर’ नावाच्या पलटणीच्या नोंदींच्या हुकमात प्रसिद्ध होऊन त्याच्या कागदांवर चढतं. आईच्या फॅमिली पेन्शनच्या वेळी नेमकं तिथेच अडलं, कारण कागदावर बायकोचं नाव दुसरंच होतं! बँकेतल्या माणसाने चष्म्यावरून आईकडे असं पाहिलं की मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आई मात्र लाजली. ते तिचं माहेरचं नाव होतं. लग्नात तांदळात लिहिलेलं नाव सासरी सगळ्यांनी उचललं, आण्णांनी बहुतेक कधी मनापासून घेतलंच नाही. पलटणीत कारकुनाने विचारलं तेव्हा त्यांनी माहेरचंच सांगितलं, आणि घरी पाठवायच्या इनलँड पत्रावरही तेच लिहायचे. ती पत्रं पोस्टमन आजीच्या हातात न देता आईच्याच हातात का द्यायचा, तेही तेव्हा उलगडलं. दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र केलं, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातल्या एका निवृत्त सुभेदारांनी अर्ज लिहून दिला आणि चार-पाच महिन्यांत काम झालं. तुमच्या आई असतील तर पेन्शनच्या कागदांवरचं नाव आणि जन्मतारीख आजच ताडून बघा. लिखाण थांबलं तरी चालेल, हे थांबवू नका.

वडलांच्या पलटणीतलं कोणी हयात असेल तर जाऊन बसा, फोनवर विचारू नका. ‘शौर्याचं काही सांगा’ म्हटलं की ही माणसं गप्प होतात. ‘लंगरात काय मिळायचं, गार्डला जोडीला कोण असायचं, पत्र आलं नाही की काय करायचे’ असं विचारलं की दोन तास कुठे जातात कळत नाही. एका काकांकडून कळलं की आण्णा इतरांची पत्रं लिहून द्यायचे आणि त्यात स्वतःच्या पदरची एखादी ओळ घालायचे. ती काय असायची, ते काकांनी हसून सांगायचं टाळलं.

आणि आईला विचारा, रजा संपली की ते घरातून कसे निघायचे. आमच्याकडे निरोप असा नव्हताच. आण्णा पहाटेच्या एसटीने जायचे, आम्ही झोपेत असताना. त्याआधी उठून एकटेच विहिरीवर खेपा घालायचे. आम्ही उठून बघावं तर रांजण, हंडे, बादल्या, अगदी तांबे-लोटेसुद्धा काठोकाठ भरलेले. त्यावरून आम्हाला कळायचं, आण्णा गेले.