शनिवारची बैठक, बिलाची वाटणी आणि परतीचा प्रवास

या अंकासाठी आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे मित्रमंडळींबरोबरच्या रात्रीच्या कार्यक्रमांविषयी आहेत, म्हणून ती एकत्र घेतली आहेत. पत्रलेखकांच्या इच्छेनुसार नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : मी २७ वर्षांचा असून ठाण्यात राहतो. कॉलेजपासूनचा आमचा सहा जणांचा ग्रुप महिन्यातून एक-दोनदा शनिवारी रात्री एखाद्या रेस्टॉरंट-बारमध्ये बसतो. मी दारू घेत नाही आणि माझा पगारही इतरांपेक्षा बराच कमी आहे. शिवाय वडील निवृत्त झाल्यापासून घराच्या कर्जाचा हप्ता मीच भरतो. बिल मात्र नेहमी सहा सारख्या भागांत वाटले जाते. हल्ली मी तब्येतीचे किंवा पाहुण्यांचे निमित्त सांगून जाणे टाळतो, त्यामुळे ‘तू आता आमच्यात राहिला नाहीस’ असे ऐकावे लागते. पैशांचे बोललो तर कंजूष ठरेन, न बोललो तर मित्र दुरावतील. काय करावे?

उत्तर : पैशांचा विषय तुम्ही काढावा आणि लवकर काढावा, असे माझे स्पष्ट मत आहे. तुमची निमित्ते मित्रांना खरी वाटत असतील तर त्यांना तुमच्या अडचणीची कल्पनाच नाही, आणि खोटी वाटत असतील तर तुम्हाला त्यांचा कंटाळा आला आहे असाच अर्थ ते काढणार. सारखी वाटणी कुणी तुमच्या वाइटावर टपून ठरवलेली नाही. कॉलेजच्या कँटीनमध्ये चहा-वडापावची कॉन्ट्री काढताना सगळ्यांचे खिसे सारखेच हलके असतात आणि सगळ्यांच्या बशीत तेच असते, म्हणून तिथे ती पद्धत योग्यच होती. पुढे पगार वेगळे झाले, सवयी वेगळ्या झाल्या, पण ज्याला ती पद्धत जाचत होती तो काही बोलला नाही, म्हणून ती तशीच चालू राहिली.

एकदा आकडे मांडून पाहा. समजा, एका रात्रीचे बिल ९,००० रुपये झाले आणि त्यात चकण्यासह जेवणाचे ३,६०० व दारूचे ५,४०० रुपये आहेत. सहा जणांत सरसकट वाटल्यास प्रत्येकी १,५०० रुपये पडतात. जेवण सहा जणांत आणि दारू पाच जणांत वाटली, तर तुमचा वाटा ६०० रुपयांवर येतो आणि बाकीच्या पाचांना प्रत्येकी १,६८० रुपये द्यावे लागतात. म्हणजे तुमचे ९०० रुपये वाचताना त्यांच्यापैकी प्रत्येकावर केवळ १८० रुपयांचा भार वाढतो. तुम्ही मागत आहात ती सवलत इतकी लहान आहे, आणि जिवाभावाचे मित्र ती नाकारतील असे मला वाटत नाही. ही वाटणी किचकटही नाही. दारूला जीएसटी लागू नाही, तिच्यावर राज्याचा व्हॅट आकारला जातो, त्यामुळे जेवणाचे आणि मद्याचे आकडे बिलावर मुळातच वेगळे दाखवावे लागतात. कुणी किती पोळ्या खाल्ल्या हे मोजत बसण्याची वेळ येत नाही.

बिल पाहतच आहात तर सेवा शुल्काची ओळही पाहावी. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या जुलै २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार हे शुल्क बिलात परस्पर लावता येत नाही, आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ती तत्त्वे कायम ठेवली. ते लावलेले दिसल्यास काढून टाकायला सांगण्याचा तुम्हाला अधिकार आहे. ऐकले नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. वाढप्याच्या कामाने समाधान झाले असेल तर त्याच्या हाती टीप जरूर द्यावी.

बोलायचे कधी, हा खरा नाजूक भाग आहे. बिल टेबलावर आल्यावर, चौघे रंगात आलेले असताना आणि वाढपी शेजारी उभा असताना हा विषय काढू नये. तेव्हा काढलेल्या विषयाचे एक तर हसण्यावारी जाते किंवा कुणीतरी ‘जाऊ दे, तुझे मी भरतो’ म्हणून तुम्हाला आणखी अवघडून टाकतो. मधल्या एखाद्या दिवशी, ग्रुपमध्ये टेबल बुक करणाऱ्या आणि नंतर प्रत्येकाला यूपीआयची मागणी पाठवणाऱ्या मित्राला एकट्याला फोन करा. त्याला सरळ सांगा, ‘अरे, घराचा हप्ता माझ्यावर आहे, दोन बैठकांचे तीन हजार मला झेपत नाहीत, मला यायचे आहे, पण दारूचा हिशेब वेगळा ठेवू या.’ यापलीकडे स्पष्टीकरण देण्याची गरज नाही. दारू का घेत नाही, याचे तर मुळीच देऊ नका.

याच्या जोडीने एखादी भेट तुम्ही स्वतः ठरवा. ती स्वस्तातली पर्यायी भेट म्हणून मांडू नये, नेहमीच्या उत्साहाने बोलवावे. तलावपाळीला रात्री एक फेरी आणि काठावर बसून निवांत गप्पा, एवढ्यावरही ठाणेकरांच्या कितीतरी मैत्र्या टिकल्या आहेत. कोजागरीला इमारतीच्या गच्चीवर मसाला दूध आटवून सगळ्यांना बोलावलेत, तर सहा जणांचा खर्च एका बैठकीच्या एका वाट्याहूनही कमी येईल. बारमधल्या मोठ्या आवाजातल्या संगीतात ज्या गोष्टी बोलता येत नाहीत, त्या गच्चीवर बोलल्या जातात, असा माझा अनुभव आहे. एवढे करूनही कुणी तुमच्या पगाराची टिंगल केली, तर त्या एकाच्या वागण्यावरून उरलेल्या चौघांना मात्र जोखू नका.

प्रश्न : आमची २३ वर्षांची मुलगी पुण्यात आमच्याजवळच राहते आणि हिंजवडीत नोकरी करते. मैत्रिणी-मित्रांबरोबर बाहेर गेली की परतायला बारा-साडेबारा होतात. तिचे वडील दहाच्या आत घरी येण्याचा आग्रह धरतात आणि त्यावरून दर आठवड्याला वाद होतो. मी कुणाची बाजू घ्यावी?

उत्तर : ताई, दहाची वेळ मला व्यवहार्य वाटत नाही. शुक्रवारी संध्याकाळी हिंजवडीच्या वाहतुकीतून बाहेर पडून गावात पोहोचायलाच साडेआठ-नऊ होतात, मग जेवायला बसायचे कधी आणि उठायचे कधी? त्याहून मोठी अडचण अशी की, न पाळता येणारी वेळ घालून दिली की मुलगी खोटे ठिकाण सांगू लागते. आणि ती नेमकी कुठे आहे हे घरात कुणालाच ठाऊक नसणे, हे साडेबाराला परतण्यापेक्षा कितीतरी जास्त धोक्याचे आहे.

वेळेऐवजी माहितीचा आग्रह धरा. कुठे, कुणाबरोबर आणि परतणार कशी, एवढे तिने निघताना सांगावे. बरोबरच्या दोघींचे फोन क्रमांक तुमच्याकडे असावेत. परतीच्या कॅबमध्ये बसल्यावर तिने प्रवासाची लिंक पाठवावी आणि उशीर होणार असेल तर आधी कळवावे. मोबाइलची बॅटरी आणि कॅबपुरते वेगळे पैसे या गोष्टी क्षुल्लक वाटतात, पण रात्री अडचण बहुधा तिथेच होते. तातडीच्या प्रसंगी ११२ हा क्रमांक तिला पाठ असू द्या. तिच्या वडिलांशी बोलताना एवढेच विचारा, की मुलगा असता तर हीच वेळ घातली असती का. त्यांची काळजी खरी आहे, तिला कमी लेखू नका.

मद्याविषयी तुम्ही थेट विचारलेले नाही, तरी पत्रात तो धसका जाणवतो. महाराष्ट्रात बीअर आणि वाइनसाठी किमान वय २१ आहे, तर व्हिस्की, रम, व्होडका अशा मद्यांसाठी २५. हे तिला उपदेशाचा सूर न लावता, नियम म्हणून सांगता येईल.

प्रश्न : आमच्यात गाडी एकाच मित्राकडे आहे. तो दोन-तीन पेग घेतो आणि ‘मला काही होत नाही’ म्हणत सगळ्यांना घरी सोडतो. त्याला कसे थांबवावे? (वाचक, नवी मुंबई)

उत्तर : त्याच्या गाडीत बसू नका, आणि का बसत नाही ते त्याला सांगा. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ नुसार १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल आढळल्यास पहिल्याच गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. दोन-तीन पेगांत ही मर्यादा सहज ओलांडली जाते. कॉफी, लिंबूपाणी किंवा तोंडावर मारलेले गार पाणी यांनी रक्तातले अल्कोहोल कमी होत नाही. यकृत ते आपल्या गतीने कमी करते आणि त्याला काही तास लागतात. दारू चढलेल्या माणसाशी पार्किंगमध्ये वाद घालून उपयोग होत नाही, म्हणून संध्याकाळी निघतानाच ठरवा: गाडी आणायची तर तिचा मालक त्या रात्री पिणार नाही, किंवा न पिणारा आणि परवाना असलेला दुसरा कुणी बसण्यापूर्वीच किल्ली स्वतःकडे घेईल. हे जमणार नसेल तर गाडी घरीच ठेवून सगळ्यांनी कॅबने जावे आणि कॅबचा खर्च बिलातच धरावा. लोकलने परतायचे असेल तर आपल्या मार्गावरची शेवटची गाडी आधी पाहून ठेवा, कारण ती चुकली की पुढची पहाटेच मिळते. गाडी नेलीच आणि बेत फसला, तर तासांच्या हिशेबाने चालक पुरवणाऱ्या सेवा मुंबई-नवी मुंबईत उपलब्ध आहेत. त्यांपैकी एकीचा क्रमांक आजच फोनमध्ये साठवून ठेवा.