कण्याच्या बाकाची शस्त्रक्रिया : हाती असलेल्या महिन्यांत काय करावे?

प्रश्न : माझे वय ६९ वर्षे आहे. तरुणपणापासून पाठीच्या कण्याला थोडा बाक होता, तो गेल्या काही वर्षांत वाढला असून कमरेच्या भागात आता ४८ अंशांचा झाला आहे. थोडा वेळ उभे राहिले तरी डाव्या पायात कळ येते आणि चालताना मी पुढे झुकते. औषधे, व्यायाम, इंजेक्शने सर्व करून झाल्यावर शस्त्रक्रिया ठरली आहे. तिला चार महिने अवकाश आहे. घरचे म्हणतात, तोपर्यंत विश्रांती घे. आपला सल्ला काय?

उत्तर : घरच्यांची काळजी समजते, पण विश्रांतीचा सल्ला कृपया मानू नका. या शस्त्रक्रियेत नसांवरचा दाब मोकळा करतात, मणक्यांत स्क्रू बसवून ते सळ्यांनी जोडतात आणि मध्ये हाडाचा चुरा भरून अनेक मणक्यांचे एकच सलग हाड होण्याची वाट पाहतात. ती कित्येक तास चालते, कधी दोन टप्प्यांत करावी लागते, आणि हाडे पक्की जुळून यायला सहा महिने ते वर्ष लागते. एवढा भार पेलण्याची तयारी शरीराला आधीच करावी लागते; म्हणून हे चार महिने मी उपचाराचाच भाग मानतो.

सर्वांत आधी हाडांकडे पाहा. ठिसूळ हाडात स्क्रू नीट पकड घेत नाही. तो सैल होतो, किंवा जोडलेल्या भागाच्या लगेच वरचा मणका खचतो आणि पाठ पुन्हा पुढे झुकते. हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी झाली नसेल तर ती आताच करून घ्या. इथे एक बाब सहज नजरेतून सुटते. बाक असलेल्या, झिजलेल्या कमरेच्या मणक्यांवर हाडाची जादा वाढ झालेली असते आणि तिच्यामुळे त्या जागची घनता आहे त्याहून चांगली दिसते. त्यामुळे अहवालात कमरेचा आकडा समाधानकारक असला तरी खुब्याचा, आणि शक्य असल्यास मनगटाजवळचा, आकडा वेगळा विचारून घ्या. टी-स्कोअर, म्हणजे निरोगी तरुण हाडांच्या तुलनेत आपली घनता किती हे सांगणारा अहवालातला आकडा, उणे २.५ किंवा त्याखाली असेल, तर हाड नव्याने घडवणारी टेरिपॅराटाइडसारखी रोज घ्यायची इंजेक्शने शस्त्रक्रियेपूर्वी काही महिने सुरू करण्याचा विचार केला जातो. हे औषध सर्वांना चालत नाही. पूर्वी कर्करोगासाठी किरणोपचार झाले असतील तर ते आवर्जून सांगा. ड जीवनसत्त्व कमी असेल तर तेही याच काळात भरून काढता येते. हाडांच्या उपचारासाठी शस्त्रक्रिया दोन-तीन महिने पुढे गेली तरी खंत करू नका, मात्र पायाची ताकद कमी होऊ लागली किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटू लागला तर थांबू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.

तंबाखू कोणत्याही रूपात घेत असाल तर ती आजच सोडा. निकोटीनमुळे हाडे जुळण्यात अडथळा येतो आणि जखमही उशिरा भरते. त्यामुळे सवय सोडवण्यासाठी निकोटीनची गोळी किंवा पट्टी वापरत असाल, तर तीही केव्हा थांबवायची हे शल्यविशारदांना विचारा.

शस्त्रक्रियेत बरेच रक्त जाऊ शकते, म्हणून हिमोग्लोबिन आताच तपासा. ते कमी असेल तर कारण शोधून लोहाचा उपचार करायला काही आठवडे हवेत. आदल्या आठवड्यात कळले तर उपयोग थोडाच. आहारात प्रथिने पुरेशी असावीत, आणि वजन नकळत घटत असेल तर तेही सांगावे. दातांत पू किंवा कीड असल्यास ती आधी निस्तरावी, कारण शरीरात कुठेही दबा धरून बसलेला जंतुसंसर्ग धातूच्या स्क्रूंपर्यंत पोचू शकतो.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, संधिवाताची औषधे, झोपेच्या गोळ्या, जडीबुटीची चूर्णे, जे काही घेता त्याची यादी भूलतज्ज्ञांना दाखवा. कोणतीही गोळी ऐकीव माहितीवर बंद करू नका. हृदयात स्टेंट असलेल्या माणसाने स्वतःहून अशी गोळी थांबवणे जिवावर बेतू शकते.

व्यायामाबद्दल आपल्याला धास्ती वाटत असेल. कळ येईपर्यंत चाला, बसा, कळ ओसरली की पुन्हा चाला. चालणे फारच जड जात असेल तर एका जागी ठेवलेली व्यायामाची सायकल बहुधा सोसते, कारण तिच्यावर किंचित पुढे झुकून बसल्याने नसांना जागा मिळते. खुर्चीवरून हातांचा आधार न घेता उठण्याचा सराव रोज करा. शस्त्रक्रियेनंतर मांड्यांची हीच ताकद आपल्याला कमोडवरून उठवणार आहे. फिजिओथेरपिस्टकडून कुशीवर वळून, पाठ न पिळता, पाय खाली सोडत पलंगावरून उठण्याची पद्धतही आताच शिका.

आता एक गोष्ट, जी रुग्ण संकोचाने विचारत नाहीत आणि डॉक्टर घाईत सांगत नाहीत. मणके कुठून कुठपर्यंत जोडणार, हे शल्यविशारदांना स्पष्ट विचारा. जोडणी कमरेखाली थेट ओटीपोटाच्या हाडापर्यंत जाणार असेल, तर कंबर पुन्हा पूर्वीसारखी वाकणार नाही, आणि हा बदल कायमचा असतो. एक दिवस पाठ मुद्दाम सरळ ठेवून नेहमीची सगळी कामे करून पाहा : मोजे चढवणे, पायाची नखे कापणे, खाली पडलेली किल्ली उचलणे, शौचानंतरची स्वच्छता. जिथे अडेल तिथे आधीच सोय करा. लांब दांड्याचा चिमटा, मोजे चढवायचे साधन, कमोडवर उंच बैठक, कंबरेच्या उंचीवर आणून ठेवलेल्या रोजच्या वस्तू, रात्री वाटेत दिवा, पायात न अडकणारी मोकळी जमीन. शौचाच्या स्वच्छतेसाठी पाण्याचा फवारा किंवा लांब दांड्याचे साधन हाताशी असले तर दुसऱ्यावर अवलंबून राहण्याची लाज वाटत नाही. माझ्या मते हा एक दिवस कुठल्याही माहितीपत्रकापेक्षा अधिक शिकवतो. तो अनुभवल्यावर शस्त्रक्रिया नको वाटली, तर तसे सांगण्याचा आपल्याला पूर्ण हक्क आहे.

प्रश्न : माझ्या वडिलांचे वय ७५ असून त्यांना मधुमेह आहे, अलीकडे थोडे विसरायलाही होते. त्यांनाही कण्याच्या बाकासाठी शस्त्रक्रिया सुचवली आहे. या वयात हा धोका घ्यावा का?

उत्तर : धोका लहान नाही. प्रौढांच्या स्कोलिओसिसच्या, म्हणजे कण्याच्या अशाच बाकाच्या, शस्त्रक्रियेवर २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २५ ते ४४ वयोगटातील १७ टक्के रुग्णांना, तर ६५ ते ८५ वयोगटातील ७१ टक्के रुग्णांना लहानमोठी काही ना काही गुंतागुंत झाली. त्याच अभ्यासात वेदना आणि परावलंबित्व कमी होण्याचा लाभ मात्र ज्येष्ठांना तरुणांपेक्षा अधिक झाला. म्हणून केवळ ७५ या आकड्यावर निर्णय करू नये. वडील स्वतः किती चालतात, जिना चढतात का, वर्षभरात किती वेळा पडले, हृदय आणि फुप्फुसे कशी आहेत, यावरून अधिक कळते. साखरेची तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी तपासणी करून ती आटोक्यात आणल्याशिवाय तारीख घेऊ नये. त्रास मुख्यतः पायातल्या कळेचा असेल, तर फक्त नस मोकळी करणारी लहान शस्त्रक्रिया पुरेल का, हे विचारावे. बाक वाढण्याची शक्यता तिच्यात राहते, पण काही रुग्णांसाठी तीच योग्य ठरते.

विसरण्याची बाब डॉक्टरांपासून लपवू नका. अशा रुग्णांना शस्त्रक्रियेनंतर एकाएकी भ्रम होण्याची शक्यता अधिक असते : रात्री ते ओरडतात, नळ्या ओढतात, घरच्यांना ओळखत नाहीत. घरच्यांना हे अतिशय भयंकर वाटते, पण बहुतेकांचा भ्रम काही दिवसांत ओसरतो. चष्मा आणि श्रवणयंत्र शुद्धीवर आल्याबरोबर परत द्यावे, समोर घड्याळ असावे, दिवसा उजेड आणि रात्री शांत झोप मिळावी, शेजारी ओळखीचे माणूस असावे. वडील मद्य किंवा झोपेच्या गोळ्या नियमित घेत असतील तर ते आधी सांगा. मद्य किंवा गोळ्या अचानक बंद झाल्यानेही असाच भ्रम होतो.

प्रश्न : शस्त्रक्रियेने माझा बाक पूर्ण सरळ होईल ना? वय ६४.

उत्तर : बहुधा नाही, आणि तशी अपेक्षाही धरू नये. या वयात एक्स-रेवरची सरळ रेघ हे उद्दिष्ट नसते. डोके कटीच्या वर तोलून उभे राहता यावे आणि नसा मोकळ्या व्हाव्यात, हे असते. ज्येष्ठांच्या कण्यात गरजेपेक्षा अधिक सुधारणा केली तर वरच्या मणक्यांवर ताण येऊन तेच खचतात. पुढच्या भेटीत आपला उभा, संपूर्ण कण्याचा एक्स-रे समोर ठेवून, आपण किती सरळ उभ्या राहाल आणि किती वाकता येईल, हे शल्यविशारदांकडून समजून घ्या. सोबत घरचे एक माणूस न्या आणि उत्तरे तिथेच लिहून घ्या.