लॉसन यांच्या वाटेनं जायचंय, तर आधी वर्ग हाताळायला शीक

प्रश्न : मी नागपूरला बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे, विषय राज्यशास्त्र. मार्टिन ल्यूथर किंग यांचे सहकारी जेम्स लॉसन आमच्या शहरात राहून गेले, हे कळल्यापासून शाळांमध्ये अहिंसेचं आणि शांततेचं शिक्षण देण्याचं काम करावंसं वाटतं. बाबा म्हणतात, त्यावर पोट भरत नाही. लगेच शांतता अध्ययनात एम.ए. करू का?

उत्तर : एम.ए. कर, पण लगेच नको. आधी बी.एड. कर. बाबांच्या काळजीवर हा उपाय आहेच, पण माझं खरं कारण लॉसन यांच्या कामातच आहे.

१९५३ साली ते हिस्लॉप कॉलेजात आले. गांधीजींचा मार्ग त्यांनी इथे अभ्यासला. अमेरिकेतल्या माँटगोमेरी शहरात कृष्णवर्णीयांनी बसमधल्या वर्णभेदाविरुद्ध केलेल्या बहिष्काराची बातमीही त्यांनी नागपुरातच वर्तमानपत्रात वाचली. १९५६ मध्ये ते अमेरिकेला परतले आणि पुढे तिथल्या नॅशव्हिल शहरात एका चर्चच्या तळघरात विद्यार्थ्यांचे वर्ग घेऊ लागले. तिथे भाषणापेक्षा सराव महत्त्वाचा होता. दुकानांतल्या खाण्याच्या काउंटरवर तेव्हा फक्त गोऱ्यांनाच बसू देत. काही जण तिथे बसल्यासारखे बसत, बाकीचे त्यांना शिव्या देत, ढकलत, तोंडावर धूर सोडत. मग भूमिका बदलायच्या आणि शेवटी बोलायचं : राग कुठे आला, हात कधी उचलावासा वाटला. १९५९च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये त्यांनी दुकानांत छोट्या गटाने जाऊन अंदाज घेतला. प्रत्यक्ष सत्याग्रह सुरू झाला १३ फेब्रुवारी १९६० ला. १० मे रोजी नॅशव्हिलच्या सहा दुकानांतली काउंटर कृष्णवर्णीयांसाठी खुली झाली. म्हणजे तीन महिन्यांच्या लढ्यामागे कित्येक महिन्यांची तालीम होती.

शांतता शिक्षणाच्या नावाखाली शाळांत नेमकी हीच तालीम गाळली जाते. २ ऑक्टोबरला एक व्याख्यान, एक चित्रकला स्पर्धा, संपलं. तुला हे बदलायचं असेल, तर चाळीस मुलांचा वर्ग हाताळता यायला हवा.

परीक्षा होताच एखाद्या शाळेत परवानगी मागून आठवीच्या एका तुकडीसोबत आठ आठवडे असाच अभिनयाचा सराव घे. मुख्याध्यापकांना एका पानाचं पत्र दे : विषय, तारखा, कोणते शिक्षक वर्गात असतील. तास मागताना जोडतासच माग. एका तासिकेत अभिनय कसाबसा होतो, चर्चा राहते आणि घंटा वाजते. मग ज्या मुलानं शिव्या ऐकल्या, तो त्या घेऊनच मधल्या सुट्टीत जातो. तिथे भांडण झालं, की शाळा तुझा उपक्रम बंद करते. म्हणून दहा मिनिटं सूचना, दहा मिनिटं अभिनय आणि उरलेला सगळा वेळ चर्चेला. कोणीही ‘थांबा’ म्हटलं की खेळ तिथेच थांबेल, हा नियम आधी सांग. जात, धर्म, रंग किंवा वर्गातलंच खरं भांडण अभिनयात घ्यायचं नाही. बसमधली जागा, मैदानावरची पाळी असे प्रसंग पुरतात. दर वेळी अर्धं पान टिपण लिही. पुढे मुलाखतीत प्रमाणपत्रापेक्षा ही टिपणं जास्त बोलतील.

आता पदव्या. बी.एड.साठी राज्याची सीईटी द्यावी लागते. इतिहास-राज्यशास्त्र हा शाळेतला विषय असल्यानं तुझी पदवी वाया जात नाही. सहावी ते आठवीसाठी टीईटीचा, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेचा, दुसरा पेपर दे. त्यानंतर एम.ए. : वर्ध्याच्या महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालयात गांधी आणि शांतता अध्ययनाचा विभाग आहे, तुला घरापासून जवळ, माध्यम हिंदी. दिल्लीच्या जामिया मिलियाच्या नेल्सन मंडेला केंद्रात संघर्ष विश्लेषण आणि शांतता उभारणीत एम.ए. आहे, तिथलं वाचन इंग्रजीत आहे, ती तयारी आतापासून ठेव. प्राध्यापकीकडे वळायचं असेल, तर नेट या प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षेत गांधी व शांतता अध्ययनाचा समावेश असलेला विषय आहे. मात्र त्या जागा मोजक्याच निघतात, फक्त त्यांच्या भरवशावर राहू नकोस.

पगार शिक्षिकेच्या नोकरीतून येईल. शांततेचं काम त्याच शाळेत आणि पुढे शिक्षक-प्रशिक्षण देणाऱ्या संस्थांमध्ये वाढेल. बाबांना हे असंच सांग.

परदेशी शिक्षणासाठी रोटरीची पीस फेलोशिप शुल्क आणि राहण्याचा खर्च उचलते. पण पदव्युत्तर पदवीसाठी संबंधित कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव मागतात, त्यामुळे आज अर्ज करून उपयोग नाही. आणखी एक : आई-वडील किंवा आजी-आजोबा रोटरीचे सदस्य असतील, तर अर्ज करता येत नाही. हे घरी आधीच विचारून घे.