आजीनं कुलपात ठेवलेलं पुस्तक

प्रिय बाळ,

पुस्तक आजीनं कपाटात कोंडलं, हे तू फोनवर सांगितलंस. 'देवाला मारणारं पुस्तक' म्हणे! आजी खोटं बोलत नाही. फिलिप पुलमन या इंग्रज लेखकाच्या 'हिज डार्क मटेरियल्स' या कादंबरीमालिकेचा पहिला भाग १९९५ चा, तिसरा २००० चा, आणि तिसऱ्यात देव मरतोच. पण तो जगाचा कर्ता नसतो. कर्ता म्हणवून घेणारा, थकलेला पहिला देवदूत असतो.

मी तिन्ही भाग मे महिन्यात कूलरसमोर बसून वाचले. नागपूरच्या दुपारी दुसरं करायचं तरी काय! हरिपाठ चुकला नाही.

अडकलो पहिल्याच भागात. तिथे माणसाचा आत्मा प्राणी होऊन सोबत वावरतो. धर्मपीठाची माणसं मुलांपासून तो कापून काढतात. असा एक पोरगा गोष्टीतल्या लायरा नावाच्या मुलीला सापडतो, छातीशी सुका मासा कवटाळलेला. तो मरतो, आणि मोठी माणसं तो मासा कुत्र्यांना घालतात. लायरा चिडते. नाण्यावर त्याच्या प्राण्याचं नाव कोरून ते त्याच्या तोंडात ठेवते. आपण तुळशीपत्र ठेवतो ना, तसंच. निरीश्वरवादी माणसानं लिहिलंय बरं हे.

तू म्हणालीस, "त्यांच्या चर्चवरची टीका आहे, आपल्याला काय!" इथे मात्र मी तुझ्या बाजूनं नाही. दुसऱ्याच्या घरचं भांडण म्हणून मजा घेत वाचशील, तर न वाचलेलं बरं. तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत बुडवायला लावणारे काय परदेशातून आले होते? आणि 'माझे लेखी देव मेला' हे गाथेतच आहे. फरक एवढाच, की तुकोबा हे विठ्ठलाशी भांडताना म्हणतात. पुलमनला भांडायला समोर कोणी नाही. तिसरा भाग मला जरा कोरडा वाटला, तो त्यामुळेच असावा. तिथे गोष्ट थांबते आणि लेखक प्रवचन देतो. आपल्या बुवांसारखाच!

२००७ मध्ये पहिल्या भागावर सिनेमा आला, तेव्हा अमेरिकेत एका कॅथलिक संघटनेनं बहिष्काराची हाक दिली. त्याआधी २००४ मध्ये कँटरबरीचे आर्चबिशप, म्हणजे इंग्लंडच्या चर्चचे तेव्हाचे सर्वांत वरिष्ठ धर्मगुरू, रोवन विल्यम्स लंडनच्या नॅशनल थिएटरात पुलमनशी जाहीरपणे बोलायला बसले होते. मला विल्यम्सांची रीत पटते.

तेव्हा कुलूप तोडू नकोस, चोरूनही वाचू नकोस. रात्री आजीचे पाय चेपताना तिला तो माशाचा प्रसंग सांग. किल्ली कुठे आहे ते नंतर विचार.

तुझा,
काका